हाताच्या अंतरावरचं गाणं

सिंगापुरात ब्रास बसाह कॉम्प्लेक्स नावाची एक जुनी सरकारी इमारत आहे. 1980 मध्ये उभी राहिलेली. खालच्या मजल्यांवर जुन्या-नव्या पुस्तकांची, वह्यांची, रंग-कुंचल्यांची दुकानं, वर राहती घरं आणि मधोमध मोकळा चौक. 2014 च्या जुलैमध्ये या चौकात एक विनामूल्य कार्यक्रम झाला. दिग्दर्शिका ईव्हा तांग तेव्हा एक माहितीपट करत होत्या आणि त्यासाठी त्यांनी 1980 च्या दशकातल्या गायकांना पुन्हा एकत्र बोलावलं होतं. चौक भरला, जिने भरले, वरच्या मजल्यांचे कठडे भरले. चाळिशी-पन्नाशीतली माणसं कॉलेजात पाठ झालेली गाणी मोकळ्या गळ्याने म्हणत होती. वर्षभराने पूर्ण झालेल्या त्या माहितीपटात, ‘द साँग्ज वी सँग’मध्ये, ती गर्दी पाहायला मिळते.

ही गाणी म्हणजे शिनयाओ. सिंगापूरच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली आणि गिटारवर स्वतःच गायलेली मँडरिन गाणी. तैवानमध्ये 1970 च्या दशकात कॅम्पसवरच्या लोकगीतांची लाट आली होती, तिच्यावरून या मुलांना हुरूप आला. सभागृह कुणाकडे नव्हतं. कॅन्टीन, वर्गखोली, कॉलेजचं अंगण, जिथे बसायला मिळेल तिथे गायचं. ऐकणारेही वर्गातलेच. गाणाऱ्याचा घसा बसला की पाणी आणून देणारे.

मराठी वाचकाने इथे जरा थांबावं, कारण या गाण्यांमागे भाषेची एक गोष्ट आहे आणि ती आपल्या ओळखीची आहे. सिंगापुरात पूर्वी चिनी माध्यमाच्या शाळा होत्या, लोकवर्गणीतून उभं राहिलेलं चिनी माध्यमाचं नानयांग विद्यापीठही होतं. 1980 मध्ये ते विद्यापीठ सिंगापूर विद्यापीठात विलीन झालं. चिनी शाळांचे पट तर आधीपासूनच ओसरत होते. नोकरी इंग्रजीत होती, म्हणून पालक मुलांना इंग्रजीत घालत होते. 1987 पर्यंत सगळ्या शाळांचं पहिलं माध्यम इंग्रजी झालं. शिनयाओ बहरलं ते नेमकं याच वर्षांत. ज्या भाषेतली शाळा डोळ्यांदेखत आक्रसत चालली होती, त्याच भाषेत ही मुलं मैत्रीची, बसच्या प्रवासाची, परीक्षेच्या धास्तीची गाणी रचत होती. पुण्या-मुंबईतल्या मराठी शाळांचे रिकामे होत गेलेले वर्ग ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातली कळ वेगळी समजावून सांगायला नको.

त्या पिढीतलं सगळ्यांत मोठं नाव लियांग वेर्न फूक. जन्म 1964 चा. कवी, गीतकार आणि पुढे चिनी भाषेचा अध्यापक. 1990 मध्ये त्याने एक गाणं केलं, चिमणी काडी घेऊन येते अशा अर्थाच्या शीर्षकाचं. त्यात मँडरिनबरोबर कँटनीज ओळी होत्या. 1979 पासून ‘मँडरिन बोला’ ही सरकारी मोहीम सुरू होती आणि होक्किएन, कँटनीज, तिओच्यू यांसारख्या घरातल्या बोलींना आकाशवाणी-दूरचित्रवाणीवर जवळपास जागा उरली नव्हती. गाण्यावर प्रसारणबंदी आली. 2010 मध्ये याच लियांगला देशातला कलेचा सर्वोच्च सन्मान, कल्चरल मेडॅलियन, मिळाला. गाण्यावरची बंदी उठली 2013 मध्ये. म्हणजे कवीचा सन्मान आधी झाला आणि कवीच्या त्या गाण्याला रेडिओचं दार त्यानंतर तीन वर्षांनी उघडलं.

इंग्रजी गाण्याची कथा याला जोडूनच येते. डिक ली याने 1974 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘फ्राइड राइस पॅरडाइस’ हे गाणं केलं. शब्द होते सिंगलिशमधले, म्हणजे बाजारात, बसमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत सगळे बोलतात त्या इंग्रजीतले. सरकारी रेडिओने ते वाजवायचं नाकारलं. चोवीस वर्षांनी, 1998 मध्ये, त्याच डिक लीचं ‘होम’ राष्ट्रदिनासाठी निवडलं गेलं. किट चानच्या आवाजातलं ते गाणं आज सिंगापुरातल्या पोरासोरांनाही येतं. मलयमध्येही हा धागा आहे. सिंगापुरात जन्मलेल्या एम. नासिरने साथीदारांबरोबर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘केंबारा’ हा गट बांधला आणि कष्टकऱ्यांच्या रोजच्या जगण्यावरची लोकगीतांच्या वळणाची गाणी केली. पुढे तो मलेशियात गेला आणि तिथल्या संगीतातलं फार मोठं नाव झाला.

हे सगळं आठवायचं कारण असं. सिंगापूर म्हटलं की आज आपल्यासमोर येतं ते प्रचंड स्टेडियम. 2024 च्या जानेवारीत कोल्डप्लेच्या सहा रात्री, मार्चमध्ये टेलर स्विफ्टच्या सहा रात्री. त्या दौऱ्यात आग्नेय आशियात तिने दुसरीकडे कुठेच गायलं नाही, त्यामुळे बँकॉक-मनिलाहून विमानं भरभरून लोक आले. आपल्याकडच्याही कितीतरी मुली गेल्या. तो सोहळा होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण हे शहर स्वतःच्या आवाजात गायला शिकलं ते पन्नास-साठ माणसं मावतील अशा जागांमध्ये. त्या जागा एकेक करून जात आहेत आणि तरीही तिथे गाणारे संपलेले नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

अशा जागांपैकी सर्वांत मोलाची होती आर्मेनियन स्ट्रीटवरची 45 क्रमांकाची इमारत. मुळात ते विजेचं उपकेंद्र. ते बंद पडलं, इमारत पडून राहिली. नाटककार कुओ पाओ कुन यांनी ती कलावंतांसाठी मागून घेतली आणि 1990 मध्ये तिथे ‘द सब्सटेशन’ सुरू झालं. हे कुओ पाओ कुन 1976 ते 1980 अशी साडेचार वर्षं अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली तुरुंगात होते. ज्या वर्षी सब्सटेशन उघडलं, त्याच वर्षी त्यांना कल्चरल मेडॅलियन मिळालं. मोठ्या, देखण्या अपयशाला किरकोळ यशापेक्षा जास्त मान द्यावा असं ते मानत आणि सब्सटेशनचा कारभारही त्याच वृत्तीने चालला. छोटं प्रेक्षागृह, वर नृत्याची खोली, चित्रांसाठी दालन आणि मागे बाग. त्या बागेत 1990 च्या दशकात इंग्रजीत स्वतःची गाणी करणारी पोरं वाजवू लागली.

त्यांची बातमी छापणारं मासिक होतं ‘बिग ओ’. 1985 मध्ये काही मित्रांनी हौसेने काढलेलं. पॅट्रिक चंगच्या ‘ऑडफेलोज’चं ‘सो हॅपी’ रेडिओवर गाजलं, तेव्हा आपल्यातल्याच कुणाचं तरी गाणं रेडिओवर ऐकल्याचा आनंद त्या पोरांना झाला. 1994 मध्ये ‘हम्पबॅक ओक’चा ‘पेन-स्टेन्ड मॉर्निंग’ आला. त्यातल्या लेस्ली लोचा आवाज अगदी खालच्या पट्टीतला, स्वतःशी बोलल्यासारखा. मोठ्या मैदानात तो हरवला असता. बागेत, पाच-सहा पावलांवरून ऐकणाऱ्यांना त्यातला श्वासही ऐकू येत होता. लेस्ली लोने पुढे ‘द ऑब्झर्व्हेटरी’ हा गट काढला, तोही इथल्या स्वतंत्र संगीतातला महत्त्वाचा गट ठरला.

2021 मध्ये सब्सटेशनने ती इमारत सोडली. राष्ट्रीय कला परिषदेला इमारतीची दुरुस्ती करायची होती आणि दुरुस्तीनंतर सब्सटेशनला तिथे पूर्वीसारखं एकट्याने नांदता येणार नव्हतं, इतर संस्थांबरोबर भाडेकरू म्हणून राहावं लागणार होतं. संस्था पुढे बिनइमारतीची चालू राहिली. माझं स्पष्ट मत आहे की परिषदेचा हा निर्णय चुकला. इमारत नवी करता येते, डागडुजी होते, लिफ्ट बसते. तीस वर्षं पहिलं, कच्चं, चुकतमाकत केलेलं गाणं ऐकून घेण्याची एखाद्या जागेला लागलेली सवय मात्र आराखड्यात काढून नव्याने बांधता येत नाही.

मी सिंगापुरात उतरते ती मावसबहिणीकडे. तिची मुलगी इथेच वाढली. घरी मराठी, बाहेर सिंगलिश आणि कानात सतत कुणाचं तरी नवं गाणं. तिनेच मला गाण्याच्या जागा असलेल्या गल्ल्यांमध्ये फिरवलं. कांपोंग ग्लाम भागातल्या दोन-तीन मजली जुन्या दुकानघरांची रांग 1989 मध्ये संरक्षित म्हणून जाहीर झाली, म्हणून टिकली. समोरून अरुंद, आत खोलवर गेलेली, खाली दुकान आणि वर माडी अशी ही घरं. बाली लेनमधलं ‘ब्लू जॅझ’, लिटल इंडियात डनलप स्ट्रीटवरचं ‘प्रिन्स ऑफ वेल्स’, हॉलंड व्हिलेजमधलं 1993 पासूनचं ‘वाला वाला’ ही नावं तिच्या पिढीआधीपासून वाजवणाऱ्यांच्या तोंडी आहेत. अलिवाल स्ट्रीटवरचं कलाकेंद्र 2013 पासूनचं, सरकारी मदतीवर चालणारं. याशिवाय कित्येक कार्यक्रम होतात ते एरवी गाण्याच्या नसलेल्या जागांमध्ये: कॅफे बंद झाल्यावर, स्टुडिओत, पुस्तकांच्या दुकानात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात. लंडनमध्ये 2009 मध्ये सुरू झालेला ‘सोफार साउंड्स’चा प्रकार इथेही आला. पत्ता आदल्या दिवशी कळतो, कोण गाणार ते तिथे गेल्यावर कळतं आणि गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही.

“मावशी, फोन सायलेंट नाही, बंदच कर,” जिना चढतानाच भाचीने सांगितलं.

एका दुकानघराची माडी. खुर्च्या साठ-पासष्ट असतील, त्याही तीन प्रकारच्या. मंच नव्हताच, जमिनीवर एक गालिचा टाकून हद्द आखली होती. गालिच्यावर एक स्टूल, एक गिटार, पायाशी पेडलांची फळी आणि पाण्याची बाटली. गाणारी मुलगी दिवसा कुठल्याशा कार्यालयात काम करणारी. पहिली दोन गाणी झाली आणि तिसऱ्याआधी तिने मागे वळून साउंड बघणाऱ्या मुलाला हलकेच काहीतरी सांगितलं. त्याने उठून एसी बंद केला. सिंगापुरात हे म्हणजे मोठंच धाडस! पण पुढच्या गाण्यात तिला इतकं हळू वाजवायचं होतं की एसीची घरघर आड आली असती. दोन मिनिटांत खोलीत उकाडा दाटला. कुणी हललं नाही. तारेवरून बोट सरकताना होणारा बारीक आवाज, ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास, एका ठिकाणी सूर किंचित खाली लागला तेव्हा तिच्या भुवईची झालेली हालचाल, सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. गाणं संपल्यावर टाळ्यांच्या आधी क्षणभर थांबण्याचं भान त्या ऐकणाऱ्यांना होतं. ऐकणाऱ्यांची ही तयारी मी आपल्याकडे जुन्या खासगी बैठकांत पाहिली आहे. समोर बसलेला जाणकार मान हलवतो की नाही, हे गाणाऱ्याला दिसत असे आणि त्यावर पुढची जागा ठरत असे.

अशी एक संध्याकाळ उभी राहते कशी? वाजवणारे कलाकार आणि जागा चालवणारे माझ्याशी याबद्दल मोकळेपणाने बोलले. तिकीट वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास. त्यातून जागेचं भाडं, साउंडवाल्याचे पैसे आणि मुख्य कलाकाराआधी वाजवणाऱ्याचं मानधन. जागा चालते ती मुख्यतः पेयांच्या विक्रीवर, पण लक्ष देऊन ऐकणारी माणसं फार पीत नाहीत. मालकाला त्यापेक्षा परवडतो तो जुनी गाजलेली गाणी वाजवणारा गट, कारण त्या गाण्यांवर गर्दी बोलते, हसते, पुन्हा पुन्हा मागवते. म्हणून कित्येक जण आठवड्यातले दोन-तीन दिवस बारमध्ये ‘कव्हर्स’ गातात आणि त्या पैशांतून महिन्यातून एकदा ‘ओरिजिनल्स’ची संध्याकाळ करतात. त्यात सार्वजनिक करमणुकीचा परवाना हवा. किती माणसं आत घ्यायची याची मर्यादा असते आणि ती कसोशीने पाळावी लागते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न असतोच. मुलगे अठराव्या वर्षी दोन वर्षं सक्तीच्या लष्करी सेवेत जातात आणि शाळेत जमलेले गट तिथेच विस्कटतात. एकट्याने गिटार घेऊन गाणारे इथे इतके जास्त का, याचं एक कारण मला यात दिसतं. ड्रमवाला छावणीत असला तरी गिटार आणि वही घरी असते.

महामारीने तर कंबरडंच मोडलं. 2020 च्या मार्चनंतर हॉटेल-बारमधलं जिवंत संगीत थांबलं. मधल्या काळात काही नाट्यगृहांना मोजक्या प्रेक्षकांसह परवानगी मिळाली, पण खाण्यापिण्याच्या जागांमध्ये गाणं परतलं ते 29 मार्च 2022 रोजी. दोन वर्षं! एवढं भाडं अंगावर घेऊन तग धरणाऱ्या जागा थोड्याच होत्या. त्यानंतरही पडझड थांबलेली नाही. गोल्डन माइल टॉवरमधल्या जुन्या गोल्डन थिएटरमध्ये 2014 पासून चालणारं ‘द प्रोजेक्टर’ हे स्वतंत्र चित्रपटगृह, जिथे गाण्याचे कार्यक्रमही होत, 2025 च्या ऑगस्टमध्ये अचानक बंद झालं. भाचीने ही बातमी मला फोनवर सांगितली तेव्हा तिच्या घशात आवंढा होता.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. समुद्रकाठचं ‘एस्प्लनेड’ 2002 मध्ये उघडलं. काटेरी छपरामुळे लोक त्याला ड्युरियन या काटेरी फळाच्या नावाने ओळखतात. मोठ्या सभागृहाबरोबरच तिथे 245 आसनांचा रिसायटल स्टुडिओ आहे आणि बाहेर पाण्याच्या काठावर खुला रंगमंच आहे. तिथल्या बहुतेक कार्यक्रमांना तिकीट नसतं. शनिवारी संध्याकाळी वाऱ्यावर बसून, पोरांना आइस्क्रीम देऊन, एखाद्या नवख्या गायकाचं स्वतः रचलेलं गाणं ऐकता येतं. ‘बेबीट्स’ हा स्वतंत्र गटांचा महोत्सवही 2002 पासून तिथेच होतो. दिवाळीच्या सुमारास ‘कला उत्सवम्’मध्ये भारतीय कलावंत येतात. सिंगापुरातल्या मराठी घरांना एस्प्लनेड म्हटलं की आधी तोच आठवतो. 2025 मध्ये तर अठरा वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला स्थानिक कलेवर खर्च करण्यासाठी 100 डॉलरचं श्रेय सरकारने दिलं. ते 2028 च्या अखेरीपर्यंत वापरता येईल. आपल्याकडच्या कुठल्या सरकारला हे सुचलं तर मी पहिली टाळी वाजवीन.

तरीही एस्प्लनेडच्या खुल्या रंगमंचावर जे होतं ते माडीवरच्या खोलीत होणाऱ्यापेक्षा वेगळं असतं. तिथे येणारा फिरायला आलेला असतो, गाणं आवडलं तर थांबतो. खोलीत आलेला जिना चढून, पैसे मोजून, त्या एका माणसाचंच ऐकायला आलेला असतो. कलावंताला दोन्ही हवेत. पहिलं शहराने भरभरून दिलं आहे. दुसऱ्यासाठी शहराने परवाना आणि भाडं यांपैकी निदान एक ओझं हलकं करायला हवं. संरक्षित दुकानघरांपैकी काही माड्या या कामासाठी राखून ठेवणं या शहराला मुळीच जड नाही, कारण जमिनीच्या तुकड्यान् तुकड्याचं नियोजन ते साठ वर्षं करत आलं आहे.

कारण याच खोल्यांमधून पुढे आलेल्यांना देश बोलावतो. चार्ली लिम वर्षानुवर्षं छोट्या जागांत गायला, 2015 मध्ये त्याचा ‘टाइम/स्पेस’ आला आणि 2018 च्या राष्ट्रदिनी ‘वी आर सिंगापूर’ला नवं रूप द्यायचं काम त्याच्याकडे गेलं. 2021 चं राष्ट्रदिनाचं गाणं रचलं लिनयिंग आणि इव्हान लो यांनी. ते गायला लिनयिंगबरोबर सेझायरी, शाय आणि शबीर होते. शबीर हा तमिळमध्ये स्वतः गाणी लिहून गाणारा. इंच चुआची वाट आणखी निराळी. ती पुलाऊ उबिन या बेटावर जाऊन राहिली. मुख्य बेटाचा नळ आणि वीज तिथे पोचलेली नाही, मुख्यतः विहिरी आणि डिझेलच्या जनित्रांवर गाव चालतं. त्या राहण्यातून 2015 मध्ये ‘लेटर्स टू उबिन’ आलं. उंच इमारतींच्या या देशात खेड्याच्या शेवटच्या खुणांपैकी एक गाण्यात धरून ठेवणारी ती कलाकृती आहे, आणि ती ऐकताना मला कोकणातली कुलूप लावलेली घरं दिसत राहिली.

इथल्या मराठी माणसाचं या खोल्यांशी नातं अजून जुळायचं आहे. महाराष्ट्र मंडळ जोरात आहे, गणपती थाटात होतो, ‘ऋतुगंध’ हे मंडळाचं नियतकालिक आहे, घरोघरी भावगीतांच्या मैफली रंगतात. स्वतःच्या कविता स्वतः गाण्याची चव 2003 पासून चाललेल्या संदीप खरे-सलील कुलकर्णींच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ने आपल्याला लावलीच आहे. पण इथे जन्मलेली आपली मुलं घरी मराठी ऐकत, शाळेत मँडरिन आणि मलय कानावर घेत वाढतात. त्यांनी स्वतःचं गाणं लिहिलं तर ते कुठल्या मैफलीत बसेल? भाची लिहिते. इंग्रजीत लिहिते आणि मधेच एखादी ओळ आजीच्या मराठीत येते. घरच्या मैफलीत तिने ते अजून गायलेलं नाही. “तिथे सगळे कौतुक करतील गं मावशी. मला ऐकायला हवंय,” ती म्हणाली.

त्या माडीवर कार्यक्रम संपल्यावर गाणारी मुलगी जिन्याजवळ छोटं टेबल मांडून बसली होती. टेबलावर तिच्या गाण्यांच्या कॅसेट, कापडी पिशव्या आणि पैसे देण्यासाठी छापलेला क्यूआर कोड. शेवटच्या गाण्यात तिने दोन ओळी होक्किएनमध्ये गायल्या होत्या, तेव्हा मागच्या रांगेतली एक प्रौढ बाई एकदम हसली होती. बाकीच्यांना हसू कळलं नव्हतं. मी त्या ओळींबद्दल विचारलं. आजी नातवंडांना जेवायला बोलावताना जे ओरडायची तेच आहे, ती म्हणाली, चालही आजीच्या हाकेचीच. लिहिताना आईला फोन करून उच्चार विचारावे लागले, कारण तिला स्वतःला होक्किएन जेमतेम येते.

भाचीने पुढे होऊन विचारलं, तुमच्या आधी गाणारा माणूस कसा निवडता? मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि गाणी आहेत का, असं विचारलं. तीन आहेत, भाची म्हणाली. पाठव, असं म्हणत तिने कॅसेटच्या वेष्टनावर मागच्या बाजूला स्वतःचा ईमेल लिहून दिला. मग घड्याळ बघून गिटार पाठीला लावली. शेवटची मेट्रो गाठायची होती आणि सकाळी नऊला कामावर हजर व्हायचं होतं.